ससाणा घरट्यात परततो कसा?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे पाचवीतल्या मुलीला पाठ असते. नववीत गेल्यावर तिला वेगाचे गणित करता येऊ लागते. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, फेरीला २४ तास. म्हणजे घेर जरा लहान असलेल्या पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर पायाखालची जमीन सेकंदाला साधारण ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे पळते आहे. मग ती विचारते : मी जागच्या जागी उडी मारली आणि अर्धा सेकंद हवेत राहिले, तर तेवढ्यात जमीन २२० मीटर पुढे जायला हवी. मी त्याच फरशीवर कशी उतरते?

या प्रश्नाला वर्गात बहुधा दोन उत्तरे मिळतात. हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते आणि आपल्याला घेऊन जाते, हे एक. गुरुत्वाकर्षणाने आपल्याला धरून ठेवले आहे, हे दुसरे. दोन्हींनी मुलगी गप्प बसते, पण प्रश्न सुटत नाही. जागेवरच्या माणसाला अर्ध्या सेकंदात एवढा वेग द्यायचा तर कल्पनेपलीकडचे वादळ लागेल. चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने फिरतो, तिथे हवा नाही, तरीही तिथे उडी मारलेले अंतराळवीर उडाले तिथेच उतरले. आणि गुरुत्वाकर्षण खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे ओढते. पूर्वेकडे नेण्याचे काम ते करत नाही. म्हणजे मुलीची शंका खरी होती आणि उत्तर मिळाल्याचा केवळ भास झाला.

माझे म्हणणे असे की ही शंका आणि तिच्या जातीच्या आणखी पाच-दहा शंका म्हणजेच भौतिकशास्त्राचा पाया आहे. त्यांच्यावरून घाईने पुढे जाणारे शिक्षण पाया सोडून वरचे मजले बांधते. हे पटायला इतिहासात बरेच मागे जावे लागते, कारण ज्या प्रश्नाला आपण तासातली दोन मिनिटे देतो, त्याच्या उत्तरासाठी माणसाच्या बुद्धीने दीड हजार वर्षांहून अधिक काळ झगडा केला आहे.

इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्यभटाने लिहिले की आकाशातले तारे स्थिर आहेत आणि फिरते ती पृथ्वी. त्याने दाखला दिला नावेचा. पुढे जाणाऱ्या नावेत बसलेल्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. दाखला बिनतोड होता, पण तो दिसण्यापुरता होता. फिरत्या पृथ्वीवर वस्तू पडतात कशा, उडतात कशा, याविषयी तो काही सांगत नव्हता. पुढच्याच शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने नेमके तिथे बोट ठेवले : पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले ससाण्यासारखे पक्षी पुन्हा आपल्या घरट्यात कसे येतात? पुढे ६२८ साली ब्रह्मगुप्ताने विचारले, की पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळून का पडत नाहीत? या आक्षेपांचे वजन इतके होते की खुद्द आर्यभटाच्या नंतरच्या काही टीकाकारांनी त्याच्या वचनाचा अर्थच फिरवला आणि पृथ्वी स्थिर ठेवली.

या मंडळींना अडाणी समजणे सोपे आहे आणि चूक आहे. वराहमिहिराचा प्रश्न हा चांगल्या निरीक्षकाचा प्रश्न आहे. त्याच्याआधी, दुसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हेच विचारले होते : पृथ्वी फिरली तर ढग आणि पक्षी मागे पडताना दिसायला हवेत. वराहमिहिरानंतर हजार वर्षांनी, सोळाव्या शतकात, डेन्मार्कच्या टायको ब्राहीने तोफेचा दाखला दिला. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असेल तर पश्चिमेकडे डागलेला गोळा पूर्वेकडे डागलेल्या गोळ्यापेक्षा लांब पडायला हवा, आणि तसे होत नाही. टायकोइतकी अचूक आकाशनिरीक्षणे दुर्बिणीपूर्वीच्या काळात कोणी केली नव्हती. असा माणूस जिथे अडतो, तिथे नववीतली मुलगी अडली तर ती योग्य जागी अडली आहे.

आपल्याकडचा आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चे वर्ष ११५०. त्यांच्या वंशजांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे, म्हणून महाराष्ट्राला त्यांचे विशेष ममत्व. त्यांच्या गोलाध्यायात सुरुवातीच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न सरळ हाताळलेला आहे : पृथ्वी कशावर टेकली आहे? भास्कराचार्य म्हणतात, तिला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही. शेवटी कुणीतरी स्वतःच्या बळावर राहते असे मानायचेच असेल तर पृथ्वीनेच काय घोडे मारले? पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, त्यालाच आपण पडणे म्हणतो. चहूकडे सारखेच आकाश असताना पृथ्वी स्वतः पडणार कुठे? हे विवेचन आजही वर्गात जसेच्या तसे वाचून दाखवावे इतके स्वच्छ आहे. आणि तरीही भास्कराचार्यांची पृथ्वी स्थिरच आहे, फिरत नाही. इतक्या धारदार बुद्धीलाही एक कल्पना मिळालेली नव्हती. ती न मिळाल्यामुळे ससाण्याचा प्रश्न तसाच राहिला.

ती कल्पना म्हणजे जडत्व. गती चालू राहायला कारण लागत नाही. गती बदलायला लागते.

वाक्य लहान आहे. नववीच्या पुस्तकात 'गतीचे नियम' या पाठात ते येते, मुले ते पाठ करतात, गुण मिळवतात. पण हे वाक्य आपल्या रोजच्या अनुभवाच्या सरळ विरुद्ध आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. हातगाडी ढकलायची थांबलो की गाडी थांबते. पायडल मारणे सोडले की सायकल मंदावते. जन्मल्यापासून शरीराने जे शिकलेले असते ते असे, की हलवत राहिलो तरच वस्तू हलते. घर्षण दिसत नाही, ढकलणारा हात दिसतो. अरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात याच अनुभवाची शिस्तशीर मांडणी केली. मग त्याला प्रश्न पडला, की फेकलेला दगड हातातून सुटल्यावर कोण ढकलते? त्याने ते काम हवेकडे दिले. सहाव्या शतकात, म्हणजे वराहमिहिराच्याच काळात, अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ते खोडले. हवाच ढकलत असती तर दगड हातात घ्यायची गरज काय, मागून नुसती हवा हलवली असती तरी तो गेला असता, असा त्याचा युक्तिवाद. त्याच्या मते फेकणारा वस्तूत काहीतरी शक्ती घालतो आणि ती हळूहळू संपते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाँने या विचाराला पक्के रूप दिले.

आपल्या वैशेषिकांनी बाणाच्या गतीचा विचार याच दिशेने केला होता. धनुष्याच्या दोरीच्या ढकलण्याने बाणाला पहिली गती मिळते, त्या गतीतून त्याच्यात 'वेग' नावाचा संस्कार निर्माण होतो, तो संस्कार पुढची गती घडवतो आणि तो नाहीसा झाला की जडपणामुळे बाण पडतो. भारत, अलेक्झांड्रिया, पॅरिस; एकमेकांना न भेटलेली माणसे एकाच मुक्कामावर पोहोचलेली दिसतात. माणसाचे शरीर आणि डोळे सगळीकडे सारखे आहेत, म्हणून असे होत असावे.

आता अकरावीतल्या एखाद्या मुलाची वही उघडून पाहा. त्याला सांगा : चेंडू सरळ वर फेकला आहे, हातातून सुटला आहे, अजून वर चालला आहे. त्याच्यावरची बले बाणांनी दाखव. हवेचा अडथळा धरू नकोस. बहुतेक मुले दोन बाण काढतात. एक खाली, त्यावर 'गुरुत्व' लिहितात. दुसरा वर, जरा लांब, त्यावर 'हाताचे बल'. कारण विचारले तर चोख उत्तर येते : हाताचे बल मोठे आहे म्हणून चेंडू वर जातो, ते कमी कमी होत जाते, सर्वांत वरच्या बिंदूला दोन्ही बले सारखी होतात, म्हणून चेंडू क्षणभर थांबतो, मग गुरुत्व जिंकते आणि चेंडू खाली येतो.

या उत्तरात गोंधळ कुठेही नाही. ते सुसंगत आहे, निरीक्षणाशी जुळते, आणि ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हिपार्कसचे आहे. संपातबिंदू ताऱ्यांच्या तुलनेत हळूहळू सरकतात, हे ज्याने ताऱ्यांच्या नोंदींवरून हेरले तो हिपार्कस. पुढे १५९०च्या सुमाराला पिसा इथल्या एका तरुण अध्यापकाने गतीवर लिहायला घेतले, तेव्हा त्यानेही वर फेकलेल्या वस्तूची हीच उपपत्ती मांडली : घातलेली शक्ती संपत जाते, जडपणाशी बरोबरीत येते, मग हरते. हा तरुण अध्यापक म्हणजे गॅलिलिओ. तो मजकूर त्याने हयातीत छापला नाही.

खरे उत्तर असे की हातातून सुटल्यावर चेंडूवर हाताचे बल उरतच नाही. वर जाताना, टोकाला आणि खाली येताना बाण एकच, खाली. हात देतो तो वेग. गुरुत्व तो वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदाने घटवत जाते, शून्यावर आणते आणि त्याच दराने उलट दिशेला वाढवते. टोकाच्या बिंदूला वेग शून्य आहे, त्वरण शून्य नाही. इथे मुले हटकून अडतात, आणि एकच उलटा प्रश्न त्यांना मोकळे करतो : त्या क्षणी त्वरणही शून्य असते तर पुढे काय झाले असते? मूल विचार करते आणि स्वतःच म्हणते, की मग चेंडू तिथेच राहिला असता. हे वाक्य त्याच्या तोंडून यायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी अर्धा तास. शिक्षकाने तेच फळ्यावर लिहून दिले तर दहा सेकंद लागतात आणि आठवड्याने वहीत पुन्हा दोन बाण दिसतात.

गॅलिलिओलाही वेळ लागला. ऑक्टोबर १६०४ मध्ये त्याने पाओलो सार्पी या मित्राला पत्र लिहिले. त्यात पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे गृहीत धरले आहे. ते चूक होते. वेग काळाच्या प्रमाणात वाढतो. पादुआतल्या वर्षांत उतरत्या फळीवरून गोळे सोडून, काळ मोजून, पुन्हा पुन्हा हिशेब करून तो तिथे पोहोचला, आणि हे सगळे सविस्तर छापून आले १६३८ साली, लायडनमध्ये, तो आर्चेत्रीला नजरकैदेत असताना. जवळजवळ पन्नास वर्षांचा हा प्रवास. आपण तो पाठ्यपुस्तकाच्या दीड पानात बसवला आहे आणि त्यातून चुका गाळून टाकल्या आहेत. मला वाटते, विद्यार्थ्याचे नुकसान होते ते या गाळण्याने. गॅलिलिओही एकदा माझ्यासारखाच विचार करत होता, एवढे कळले तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास वाढतो.

ससाण्याचे उत्तर गॅलिलिओच्या १६३२च्या 'संवाद' या ग्रंथात आहे. गॅलिलिओ सांगतो : मोठ्या जहाजाच्या पोटातल्या बंद खोलीत मित्राला घेऊन बसा. बरोबर माश्या आणि फुलपाखरे असू द्या, पाण्याच्या भांड्यात मासे असू द्या, वर एक बाटली टांगा आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडू द्या. जहाज उभे असताना सगळे नीट पाहा. मग जहाज हवे तेवढ्या वेगाने, पण एकसारखे, हेलकावे न खाता चालू द्या. थेंब त्याच भांड्यात पडतात, मासे सगळ्या बाजूंना सारख्याच सहजतेने पोहतात, तुम्ही पुढे किंवा मागे उडी मारली तरी तेवढेच अंतर जाता. खोलीतल्या कुठल्याही गोष्टीवरून जहाज चालले आहे की उभे आहे हे सांगता येत नाही, कारण जहाजाचा वेग आतल्या प्रत्येक वस्तूजवळ आधीपासूनच आहे आणि तो काढून घेणारे काही घडलेले नाही. ससाणा फांदीवरून उडतो तेव्हा पृथ्वीचा पूर्वेकडचा वेग त्याच्याजवळ असतोच. उडी मारणाऱ्या मुलीजवळही असतो. १६४० मध्ये गासेंदीने मार्सेयच्या समुद्रात वल्ह्यांचे जहाज वेगाने चालवून डोलकाठीवरून दगड सोडून पाहिले. ते डोलकाठीच्या पायथ्याशी पडले. आर्यभटाच्या नावेने अर्धे काम केले होते. उरलेले अर्धे होईपर्यंत अकराशे वर्षे गेली.

न्यूटनबद्दल आपल्या मुलांना सफरचंद माहीत असते. मला त्यांना त्याची वही दाखवावीशी वाटते. १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आला. तिथला अभ्यासक्रम अजून अरिस्टॉटलचा होता. १६६४च्या सुमाराला त्याने वहीतली काही पाने राखून त्यांना 'तत्त्वज्ञानविषयक काही प्रश्न' असे लॅटिन नाव दिले आणि पंचेचाळीसच्या आसपास मथळे घातले : द्रव्य, काळ, अवकाश, गती, रंग, भरती-ओहोटी. एक मथळा फेकलेल्या वस्तूंच्या गतीविषयी आहे. हातातून सुटलेल्या वस्तूला हवा पुढे नेते की फेकणाऱ्याने घातलेली शक्ती, असा तोच जुना प्रश्न तो तिथे स्वतःशी घोळवतो, आणि तिथले त्याचे उत्तर आजच्या पुस्तकातले नाही. बावीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याला 'प्रिन्सिपिया'पर्यंत पोहोचायला आणखी तेवीस वर्षे लागली. ते छापले गेले १६८७ साली. त्यातसुद्धा, सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये, जडत्वाला तो वस्तूच्या अंगी असलेले 'बल'च म्हणतो. जुना विचार त्याच्या हातूनही पुरता सुटला नव्हता.

इतिहास एवढ्यावर थांबला असता तर आजच्या वर्गाशी त्याचा संबंध जोडताना जपून बोलावे लागले असते. पण गेल्या पन्नास वर्षांत भौतिकशास्त्राच्या शिक्षणावर जे संशोधन झाले त्याने हा संबंध मोजून दाखवला. फ्रान्समध्ये लॉरांस व्हिएनो यांनी १९७९ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे गतीविषयीचे तर्क तपासले. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी १९८२ मध्ये वर उडवलेल्या नाण्याचा प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना घातला आणि बहुसंख्यांनी वर जाणारा बाण काढला. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावरही पुष्कळांचा तो बाण तसाच होता. मायकेल मॅक्लॉस्की यांनी वळणदार नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीचा मार्ग विचारला, तेव्हा अनेकांनी नळीबाहेरही वळणच काढले, आणि त्यांनी हे उत्तर मध्ययुगातल्या 'घातलेल्या शक्ती'शी ताडून पाहिले. ॲरिझोनातल्या इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनेस यांच्या १९८५च्या कामातून पुढे १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेची एक छोटी चाचणी तयार झाली. तिच्यात आकडेमोड नाही. मोठा ट्रक लहान गाडीवर आदळला तर कोण कोणावर जास्त बल लावते, अशा साध्या भाषेतले प्रश्न आहेत.

हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी या कामाविषयी वाचले तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना हे लागू नाही असे त्यांना वाटले. त्यांनी चाचणी दिली. एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहायची, की मी जसा विचार करते त्याप्रमाणे? शिक्षणाच्या इतिहासात इतका प्रामाणिक प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. निकाल पाहून माझूर हादरले. विजेच्या मंडलांवरचे अवघड गणित सोडवणारी मुले, कळ दाबल्यावर कुठला दिवा उजळेल आणि कुठला मंदावेल, हे सांगताना चुकत होती. त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. थोडे बोलायचे, एक संकल्पनात्मक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला पटवायचे, पुन्हा उत्तर द्यायचे. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. सुरुवातीला जेवढे येत नव्हते त्यातले किती कमावले, असे मोजले तर केवळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के आणि विद्यार्थ्यांना बोलायला, वाद घालायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. दुपटीहून जास्त.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने हे काम आपल्या मातीत केले. पानसे, जयश्री रामदास आणि अरविंद कुमार यांचा १९९४चा अभ्यास थेट जहाजाच्या खोलीशी नाते सांगतो. सापेक्ष गतीविषयी विद्यार्थ्यांच्या मनात काय असते हे त्यांनी शोधले. विद्यार्थ्यांना निर्देशचौकट, म्हणजे जिच्या संदर्भाने गती मोजायची ती चौकट, ही एखादी दिसणारी वस्तू वाटते, तिला हद्द आहे असे वाटते. जणू जहाजाच्या कठड्याबाहेर गेले की जहाजाची चौकट संपली. काही गती 'खरी' आणि काही 'भासमान' असेही त्यांना वाटते. वराहमिहिराच्या ससाण्याने फांदी सोडली की पृथ्वीशी त्याचा संबंध तुटला, हा विचार यापेक्षा वेगळा नाही.

आता आपल्या वर्गांकडे पाहू. अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून लातूरपासून कोट्यापर्यंत सगळीकडे एकच घड्याळ चालते : प्रवेश परीक्षेला किती दिवस उरले. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल एकाएकी इंग्रजीतून भौतिकशास्त्र वाचू लागते, तेव्हा शंका मराठीत येते आणि ती विचारायला इंग्रजी शब्द जुळवेपर्यंत तास पुढे सरकलेला असतो. शिकवणीत सूत्र दिले जाते, त्यावर पन्नास गणिते सुटतात. मूल 'कोणते सूत्र लागेल' हे ओळखायला शिकते, आणि हे कौशल्य खरेच आहे, ते कमी लेखू नये. पण माझूर यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवले की ते कौशल्य समजेची खात्री देत नाही. दोष पर्यायी प्रश्नांचा आहे असेही मला वाटत नाही. बलाच्या संकल्पनेची ती चाचणीसुद्धा पर्यायीच आहे. तिच्यातले चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या समजुतींमधून घेतले आहेत, म्हणून ती मनात डोकावू शकते. शिक्षकाला धारेवर धरणे तर सरळ अन्याय आहे. ऐंशी मुलांचा वर्ग, ठरलेल्या तारखेला संपवायचा अभ्यासक्रम, आणि ज्याला स्वतःला कुणी कधी चेंडूचा बाण विचारला नाही असे प्रशिक्षण. या तिन्हींच्या मध्ये तो उभा आहे.

वेगळे करता येते याचा पुरावा आपल्या शेजारीच होता. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने १६ सरकारी शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. मुले गटाने प्रयोग करत, निरीक्षणे वहीत लिहीत, त्यांवर वर्गात चर्चा होई. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची मुभा होती, कारण प्रश्न पाठांतराचे नव्हतेच. मुलांनी शंका लिहून पाठवायच्या त्या 'सवालीराम' या कल्पित व्यक्तीच्या नावाने, आणि त्या पत्रांना उत्तरे जात. खेड्यातल्या मुलाच्या शंकेला पोस्टाने उत्तर मिळणे, एवढ्या एका गोष्टीत त्या कार्यक्रमाची सगळी भूमिका आली. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम राज्य सरकारने २००२ मध्ये बंद केला. देशातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी वाढवलेले ते काम तसे थांबायला नको होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. प्रत्येक मुलाने अरिस्टॉटलपासून न्यूटनपर्यंत चालत यायचे ठरवले तर दोन हजार वर्षांचे ज्ञान त्याच्या हाती कधी पडणार? शिक्षणाचा उपयोगच हा, की आधीच्यांच्या कष्टाचे फळ पुढच्यांना आयते मिळावे. हे मला मान्य आहे. उष्णता, ध्वनी, प्रकाश यांतल्या पुष्कळ गोष्टी सांगून कळतात आणि सांगाव्यात. पण काही मोजक्या ठिकाणी सांगणे पोहोचत नाही, कारण तिथे मुलाच्या मनात जागा रिकामी नसते; शरीराने शिकलेली समजूत तिथे आधीच बसलेली असते. जडत्व हे असे एक ठिकाण. क्रिया-प्रतिक्रिया हे दुसरे, जिथे 'दोन्ही बले सारखी तर घोडा गाडी ओढतो कसा' हा प्रश्न दर पिढीला नव्याने पडतो आणि दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत हे चित्र काढल्याशिवाय सुटत नाही. वस्तुमान आणि वजन, उष्णता आणि तापमान, विजेचा प्रवाह दिव्यात 'संपतो' ही समजूत. यादी हाताच्या बोटांवर मावेल. तेवढ्याच ठिकाणी थांबायचे आहे, बाकी वेगाने जाता येईल, किंबहुना पाया बसल्यावर जास्तच वेगाने.

आणि या ठिकाणी थांबणे मागे पडणेही नाही. पहिला नियम दुसऱ्या नियमातूनच निघतो ना सर, बल शून्य तर त्वरण शून्य, मग न्यूटनने तो वेगळा का लिहिला? अकरावीतला चाणाक्ष मुलगा हे विचारतो, आणि त्याला 'परीक्षेत दोन्ही लिही' असे सांगून बसवले जाते. त्याने बोट ठेवले आहे ते मोठ्या जागेवर. वस्तू सरळ रेषेत जाते म्हणायचे तर कुणाच्या दृष्टीने? वळण घेणाऱ्या गाडीतून पाहिले तर ती वाकडी जाते. पहिला नियम मुळात ज्या चौकटीत बाकीचे नियम चालतात ती चौकट सांगतो. हाच प्रश्न अर्न्स्ट माख यांनी १८८३ मध्ये न्यूटनला उलटा विचारला, आणि १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आईनस्टाईनला सुचले की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवत नाही. त्या एका विचारातून निघालेली वाट आठ वर्षांनी सामान्य सापेक्षतेच्या सिद्धांतापर्यंत गेली. अकरावीच्या मुलाच्या शंकेतून आईनस्टाईन निघेल असे मी म्हणत नाही. शंका मात्र त्याच रस्त्यावरची आहे आणि तिला तसाच मान मिळायला हवा.

म्हणून मागणी साधी आहे. राज्य मंडळाने अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिले तीन आठवडे आकडेमोडीविना ठेवावेत : केवळ गती, बल आणि जडत्वावरचे प्रश्न, मुलांनी आधी एकटे उत्तर ठरवून मग एकमेकांशी वाद घालण्यासाठी, मराठी शाळेतून आलेल्यांना मराठीत बोलण्याची पूर्ण मोकळीक ठेवून. त्या तासांसाठी अभ्यासक्रमाचा तेवढा भाग खरोखर कमी करावा, नाहीतर ते आठवडे कागदावरच राहतील. बारावीच्या प्रश्नपत्रिकेत पाच गुणांचा एक तरी प्रश्न असा असावा ज्यात एकही आकडा नाही आणि उत्तराला कारण लिहिल्याशिवाय गुण नाहीत. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते, हे आपण सगळे जाणतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात चेंडूचा बाण, ट्रक आणि गाडी, कळ आणि दिवा हे प्रश्न आधी शिक्षकांनाच घालावेत, नाव न लिहिता, आणि उत्तरांवर मोकळी चर्चा करावी. होमी भाभा केंद्रात यासाठी लागणारे ज्ञान तीस वर्षांपासून तयार आहे. ते मानखुर्दहून गडचिरोली-नंदुरबारच्या कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा खर्च मोठा नाही, आणि तो राज्य सरकारने उचलावा.